पडद्यामागील लेखणी

(भातसानगर येथे वर्षावासातील सभेत नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन व्हावे, पंचशीलांचे विवेचन व्हावे, हे यथायोग्यच आहे. मग एका नाटककाराच्या आयुष्याची आणि दूरदर्शनवरील मालिकांची चर्चा येथे कशासाठी? याचा खुलासा मी आरंभीच करतो.

येथे जमलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांनी गेल्या काही वर्षांतच धम्मदीक्षा घेतली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या आपणही उच्चारल्या. पहिल्या काही प्रतिज्ञांत आपण ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना देव मानणार नाही, असे शब्द दिले आहेत. त्याप्रमाणे आपण देव्हारा उतरविला, तसबिरी काढल्या. हे काम सोपे नव्हते. सासूबाई रडल्या असतील, भावकीने बोल लावले असतील, शेजारच्या पाड्यावरून कुजबूज ऐकू आली असेल. ते सारे सोसून आपण भिंत मोकळी केली. आणि त्याच मोकळ्या भिंतीवर आज दूरदर्शनचा संच टांगलेला आहे. दिवेलागणीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत त्या पडद्यावर नवस फेडले जातात, उपास धरले जातात, कोणाच्या अंगात येते, कोणाचे मंगळसूत्र तुटले की घरावर अरिष्ट कोसळते. पूर्वी भटजीला बोलवावे लागे, त्याला दक्षिणा द्यावी लागे. आता त्याचे काम करणारा रोज आपल्या पायांनी येतो, आणि त्याला साधा चहाही करावा लागत नाही.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा देशभर लोक अंघोळ करून संचापुढे बसत, संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत. हे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. लाकडाच्या खोक्याचा देव्हारा व्हावयास एक रविवार पुरला.

संच फोडून टाका, असे सांगावयास मी आलेलो नाही. तसे सांगितले तर आपण ऐकणार नाही, आणि ऐकू नयेच. माझे म्हणणे एवढेच की पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट आधी कोणीतरी कागदावर लिहिलेली असते. नायिकेने कोणता उपास धरावा, खलनायकाचे आडनाव काय असावे, मोलकरणीने कोणत्या बोलीत बोलावे, हे सर्व एक माणूस टेबलाशी बसून ठरवितो. आकाशातून काही पडत नाही. तो माणूस कोण असतो, तो तेथे कसा पोहोचतो, त्याला पैसा कोण देतो, आणि आपल्या मुलामुलींना त्या टेबलापर्यंत वाट आहे की नाही, हा आजचा विषय. यासाठी मी एका लेखकाचे आयुष्य आपणांपुढे ठेवणार आहे. त्यांचे नाव रत्नाकर मतकरी.

मतकरी हे आपल्या चळवळीत जन्मलेले लेखक नव्हेत. ते मुंबईच्या पांढरपेशा मध्यमवर्गातले. आपल्यातले लेखक सोडून मी त्यांना का निवडले, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्त आहे. याचे कारण त्यांनी आकाशवाणी, रंगभूमी, दूरदर्शन आणि चित्रपट अशा चारही घरांत पाय ठेवला. वाटेवरचे टप्पे त्यामुळे स्पष्ट दिसतात. शिवाय आयुष्याच्या उतरणीला ते आपल्या ठाण्याला आले, आणि त्यांनी असे एक काम केले की ज्याचा संबंध येथे पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांशी आहे. त्याबद्दल पुढे सांगेनच.

त्यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झाला. १९५५ साली, म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसृत झाली. त्याच सुमारास तिकडे औरंगाबादेस बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयात प्राध्यापक म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक आकार घेत होते. शोषितांच्या युगायुगांच्या प्रवासाचे ते नाटक दलित रंगभूमीच्या इतिहासात पहिल्या पानावर लिहिले जाते. एका बाजूस मुंबईतला एक शाळकरी वयाचा मुलगा आकाशवाणीसाठी लिहितो आहे, दुसऱ्या बाजूस पहिल्या पिढीचे शिकणारे आपले तरुण महाविद्यालयाच्या रंगमंचावर चढत आहेत. मुंबईच्या मुलासाठी आकाशवाणीचे दार शेजारच्या रस्त्यावर होते. आपल्या तरुणांना ते दार कोणत्या गावात आहे हेही ठाऊक नव्हते. बुद्धीत अंतर नव्हते. अंतर दाराचे होते.

१९५८ साली मतकरी अर्थशास्त्राचे पदवीधर झाले आणि बँक ऑफ इंडियात नोकरीस लागले. ती नोकरी त्यांनी वीस वर्षे केली. येथे मला जरा थांबावयाचे आहे. नाटककार म्हटला की तो घरदार सोडून कलेपाठी वणवण फिरणारा असतो, अशी एक समजूत आपल्या लोकांत आहे, आणि ती मुलांच्या डोक्यात चित्रपटांनीच भरविली आहे. या गृहस्थाने दिवसभर बँकेत आकडेमोड केली आणि उरल्या वेळात नाटके लिहिली. ते १९७८ साली बँकेतून बाहेर पडले, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर. तोपर्यंत लेखक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. आपल्या घरात एखादा मुलगा पहिल्यांदाच पगाराची नोकरी धरतो. त्या पगारावर धाकट्या बहिणीचे शिक्षण, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी अवलंबून असते. त्याने कविता सुचली म्हणून राजीनामा लिहावा, असे मी कधीही सांगणार नाही. पण नोकरी लागली म्हणून लेखणी मोडावी असेही नाही. रात्रीचे दोन तास कोणत्याही साहेबाच्या मालकीचे नसतात.

त्या काळात मराठीत बालरंगभूमी नव्याने उभी राहत होती. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. पुढे १९६२ च्या सुमारास मतकरींनी पत्नी प्रतिभा मतकरी यांच्यासह 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही नाटके मुंबईच्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिली. 'अलबत्या गलबत्या'मधील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी गाजविली, आणि २०१८ साली तेच नाटक नव्या संचात पुन्हा जोराने चालू लागले. मोठ्यांसाठी 'सूत्रधार' ही निराळी संस्था होती. नाटक लिहून दुसऱ्याच्या हाती सोपविण्याऐवजी पदरमोड करून ते आपणच उभे करावयाचे, तालीम घ्यावयाची, तिकिटे खपवावयाची, ही सवय पतिपत्नींना तेव्हाच लागली. पुढे दूरदर्शनच्या व्यवहारात हीच सवय कामास आली असे माझे मत आहे. जो फक्त लिहितो त्याला निर्माता पाहिजे तसा वाकवितो. ज्याला पडद्याचे भाडे आणि दिव्यांचा खर्च ठाऊक असतो त्याला वाकविणे कठीण जाते.

आता १९७८ साल. हे साल आपण विसरू शकत नाही. २७ जुलै रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत आपल्या वस्त्या पेटल्या. घरे जळली, माणसे मारली गेली, आणि नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्याच १९७८ साली मतकरींनी 'लोककथा ७८' हे नाटक रंगभूमीवर आणले. खेड्यातील बलदंडांनी गावकुसाबाहेरच्या दुबळ्यांवर केलेला अत्याचार हा त्याचा विषय. दिवाणखाना नाही, सोफा नाही, रंगविलेले पडदे नाहीत. माणसांचा एक समूह रंगमंचावर येतो, आणि आपल्यावर काय गुदरले ते प्रेक्षकांच्या तोंडावर सांगतो. दिवाणखान्यात रमलेल्या मराठी रंगभूमीला तो धक्का होता.

येथे आपल्या लोकांत दोन मते पडतात, आणि ती पडावीत. एक मत म्हणते की ज्याने गावकुसाबाहेरचे दुःख भोगले नाही त्याने ते लिहू नये. तो ते वाटेल तसे रंगवील, टाळ्या घेईल, आणि आमच्या हाती काहीच लागणार नाही. दुसरे मत म्हणते की ज्या प्रेक्षागृहात आमचा माणूस तिकीट काढून बसूही शकत नव्हता तेथे कोणीतरी आमची गोष्ट नेली, हे थोडे नव्हे. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. पण माझा कौल कोणीकडे आहे ते लपवीत नाही. परकी लेखणी साक्षीदार होऊ शकते, फिर्यादी होऊ शकत नाही. साक्षीदाराचे मोल मोठे आहे, त्याचे आभार मानले पाहिजेत. फिर्याद मात्र ज्याची त्यानेच लिहावी लागते.

आणि ती लिहिली गेली आहे. 'लोककथा ७८'च्या एक वर्ष आधी, १९७७ साली, प्रेमानंद गज्वी यांनी 'घोटभर पाणी' ही एकांकिका लिहिली. मोठे नेपथ्य नाही, पात्रांची गर्दी नाही. विषय फक्त पाणी. तिचे शेकडो प्रयोग झाले, अनेक भाषांत ती गेली. हेच गज्वी २०१९ साली नागपूर येथे भरलेल्या ९९ व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. भातसानगरात उभे राहून पाण्याविषयी बोलताना जीभ थोडी जड होते. मुंबईस मिळणाऱ्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा या भातसेचा आहे. त्याखेरीज तानसा, मोडकसागर आणि वैतरणेचे पाणी निराळे. आणि उन्हाळा लागला की याच शहापूर तालुक्यातील गावपाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. १९२७ साली महाडला तळे समोर होते आणि ओंजळ भरण्यास मनाई होती. येथे धरण समोर आहे, मनाई कोणी केलेली नाही, आणि हंडा मात्र रिकामा आहे. मुंबईतल्या कोणत्याही मालिकेत नळ सोडला जातो तेव्हा ते पाणी कोठून आले हे एकदाही सांगितले जात नाही. ते सांगावयाचे त्या लेखकाच्या मनातच येत नाही, कारण त्याने कधी टँकर पाहिलेला नसतो. त्यात त्याचा दुष्टपणा असतोच असे नव्हे.

मतकरी दूरदर्शनकडे कसे वळले ते आता पाहू. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा एकच वाहिनी, ती सरकारी, आणि कार्यक्रम केंद्राचे पगारी निर्माते करीत. बाहेरचा लेखक मानधनावर येई. 'गजरा' हा त्या काळातला लोकप्रिय कार्यक्रम, आणि मतकरी त्याच्या सादरीकरणाशी संबंधित होते. पुढे १९८४ साली 'हम लोग' आली आणि व्यवहार पालटला. साबण, खाऊ, कापड विकणाऱ्या कंपन्या मालिकेचा खर्च उचलू लागल्या. बाहेरचा निर्माता मालिका तयार करी, दूरदर्शन तिला वेळ देई. अर्ध्या तासाचा एक भाग, बहुधा तेरा भागांची मंजुरी. गोष्ट तेरा आठवड्यांत बसवावयाची. पुढे मतकरींची 'गहिरे पाणी' ही मालिका आली, 'बेरीज वजाबाकी' आली. नाटककाराचा मालिकाकार झाला तो असा.

यात एक मर्म आहे, ते तरुणांनी नीट ध्यानात घ्यावे. रंगभूमीवर लेखकाचा शब्द सहसा कोणी बदलीत नाही. जाहिरातीत त्याचे नाव ठळक असते. दूरदर्शनवर शब्दाचा धनी तो, ज्याच्या हाती खर्चाची वही असते. म्हणून ज्या लेखकाला आपली गोष्ट आपल्या रीतीने सांगावयाची असते तो हळूहळू दिग्दर्शनाकडे आणि निर्मितीकडे सरकतो. मतकरींचेही तसेच झाले. त्यांचा 'इन्व्हेस्टमेंट' हा चित्रपट पहा. कथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचे, आणि निर्मिती प्रतिभाताईंची. पैसा आणि प्रतिष्ठा यांपाठी लागलेले एक सुखवस्तू जोडपे आपल्या मुलाचा भयंकर अपराध झाकते, अशी ती कथा आहे. २०१२ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. असा विषय घेऊन दुसऱ्याच्या दारी गेले असते तर शेवट गोड करा, असे सांगणारे दहाजण भेटले असते.

त्यांच्या लेखनातील एक बाजू मला मान्य नाही, तीही सांगितली पाहिजे. मतकरी गूढकथाकार म्हणून फार मोठे. 'गहिरे पाणी'ही त्याच धाटणीची. मेलेला माणूस परत येतो, घर झपाटलेले निघते, पुढचे कोणाला तरी आधी दिसते. वाचताना अंगावर काटा येतो, लेखकाचे कसब मान्य करावेच लागते. परंतु ज्या घरांतून आपण कालपरवा भगत आणि देवऋषी बाहेर काढले, लिंबू-टाचणी बाहेर फेकली, त्या घरांत ही करमणूक जरा जपून वापरावी. शहरातल्या वाचकाला भूत ही गंमत असते. आमच्या पाड्यावर भुताच्या संशयावरून बाईला मारहाण होते. चिंची चेटकिणीला पाहून मुले खदखदा हसतात, तेथे भीती मरते. ते मला चालते. गूढकथेत भीती शिल्लक ठेवावी लागते, नाही तर कथाच उभी राहत नाही. कालामांना तथागतांनी जो विवेक सांगितला तो पोथीपुरता नाही, पडद्यालाही तो लागू आहे.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. मागील एका सभेनंतर एका उपासिकेने मला विचारले, "दादा, आम्ही हलगी टाकली, तमाशा टाकला, गावकीची कामे टाकली. बाबासाहेबांनी सांगितले म्हणून टाकली. आता तुम्ही आमच्या लेकीला पुन्हा नाटकात पाठवायला सांगता काय?" तिच्या प्रश्नात पिढ्यांची जखम आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे उत्पन्न देऊ केले, आणि आपल्या भगिनींना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, ही गोष्ट चळवळीत सर्वश्रुत आहे. त्या माउलीने जी अढी धरली ती बाबासाहेबांच्या शिकवणुकीतूनच धरली.

परंतु त्याच बाबासाहेबांनी जलशाला मान दिला. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. आपल्या दहा सभांइतके काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण जुने जलसेकार अभिमानाने सांगत. जलशाने काय केले? तमाशाचा साचा घेतला आणि आतला मजकूर बदलला. गणात गणपतीची स्तुती होती, तेथे भीमरायाचे स्तवन आले. गवळणीत कृष्ण गौळणींना छळी, ती गवळण टाकून दिली. वगात राजाराणीच्या जागी सावकार, तलाठी, पाणवठा आणि शाळा आली. ढोलकी तीच, तुणतुणे तेच. नाचविली जाणारी बाई मात्र तेथे नव्हती. म्हणजे बाबासाहेबांचा आक्षेप रंगमंचावर नव्हता, त्या रंगमंचावर आपल्या माणसाला ज्या भूमिकेत उभे केले जाई त्या भूमिकेवर होता. मुलगी कोणासाठी, कोणाचे शब्द घेऊन, कोणत्या मानाने उभी राहते हे पहावे. आणि जिला उभे राहावयाचे नसेल तिने लिहावे. लिहिणाऱ्या बाईला नाचवावयास कोणाचा बाप येत नाही.

पुढचा इतिहास मी घाईने सांगतो, कारण तो आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढचा आहे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, तिलाच आज झी मराठी म्हणतात. मागोमाग इतर आल्या. तेरा भागांची मालिका जाऊन रोजची मालिका आली. लेखनाचे तुकडे पडले. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्यास येतात, आणि आकडा घसरला की घरात एखादे लग्न लावतात किंवा एखादे प्रेत आणतात. या गिरणीत नाटककाराचे नाव शिल्लक राहणे कठीण झाले.

तथापि याच गिरणीतून १८ मे २०१९ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाह वाहिनीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची भूमिका केली. त्याआधी २०१४ साली राज्यसभा वाहिनीवर श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही दहा भागांची मालिका झाली होती, तीत सचिन खेडेकर बाबासाहेबांच्या भूमिकेत होते. डॉ. जब्बार पटेल यांचा चित्रपट तर त्याहून जुना, २००० सालचा. परंतु रोज रात्री घरात बसून, आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी मिळून बाबासाहेबांचे बालपण पाहावे, हे २०१९ सालीच प्रथम घडले. व्यापारी वाहिनीला बाबासाहेब सापडले ते श्रद्धेने की हिशेबाने, हा वाद मी येथे घालीत नाही. मला दिसते ते एवढेच की त्या वेळेला संचापुढे बसणारी लाखो घरे आपली होती, आणि वाहिनीने ती मोजली. जो प्रेक्षक मोजला जातो त्याच्यासाठी लिहिणारा शोधला जातो.

आता ठाण्यातले ते काम. २०१४ च्या सुमारास मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. पुरस्कार मिळालेले, नाव झालेले. स्वस्थ घरी बसले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. ते ठाण्याच्या लोकवस्त्यांतील मुलामुलींत जाऊन बसले. त्यांनी मुलांच्या हाती आपले लिहिलेले नाटक दिले नाही, ही त्यातली खरी मोलाची गोष्ट. तुमच्या वस्तीत काय घडते ते तुम्हीच सांगा, त्यातून विषय काढा, तुमच्याच भाषेत बोला, तुम्हीच बसवा, असा तो प्रघात होता. मोठी माणसे वाट दाखवीत, शब्द मुलांचे असत. दारू, शाळा सुटणे, मुलींवरची बंधने, पाण्याची भांडणे असे वस्तीतलेच विषय नाटिकांत येत. 'लोककथा ७८' लिहिताना जो लेखक साक्षीदार होता त्याने छत्तीस वर्षांनी लेखणी खाली ठेवून फिर्यादीला बोलावयास जागा करून दिली. माझ्या दृष्टीने त्यांच्या सर्व मालिकांपेक्षा हे काम मोठे. १७ मे २०२० रोजी करोनाच्या साथीत मुंबईत त्यांचे निधन झाले.

राहता राहिली हक्कांची गोष्ट. ती थोडक्यात पण नीट ऐका, कारण आपल्या मुलांची फसवणूक येथेच होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गोष्ट कागदावर उतरली त्या क्षणी तिची मालकी लिहिणाऱ्याची होते. कोणाचा शिक्का लागत नाही. ती मालकी लेखकाच्या हयातीत, आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे त्याच्या वारसांकडे राहते. मात्र पगारावर नोकर म्हणून लिहिले तर, निराळा करार नसल्यास, मालकी मालकाकडे जाते. आणि करारावर सही करून ती विकताही येते. म्हणून सही करण्यापूर्वी करार घरी आणावा, जाणत्याकडून वाचून घ्यावा. २०१२ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने चित्रपटासाठी लिहिणाऱ्याचा एक हक्क राखला आहे. चित्रपटगृहाबाहेर त्या लेखनाचा जो वापर होतो त्याच्या मानधनातील आपला वाटा लेखकाने सही करून सोडला तरी तो सुटत नाही. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटना आहे. सभासद झाल्यावर तेथे आपल्या कथेची, पटकथेची नोंद करता येते. अशी नोंद मालकी देत नाही, पण अमुक दिवशी हे लेखन माझ्यापाशी होते याचा पुरावा देते. सातबाऱ्यावर नाव नसल्याने आपल्या वाडवडिलांची काय गत झाली हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना नोंदीचे महत्त्व मी अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांना संघटनेविषयी अधिक विचारावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे.

येथील मुले मघापासून विहाराच्या पडवीत साड्यांच्या पडद्याआड थांबली आहेत. त्यांची नाटिका टँकरवर आहे असे मला सांगण्यात आले, आणि टँकरवाल्याचे काम करणाऱ्या मुलीला तिचा आवाज बसण्यापूर्वी रंगमंचावर यावयाचे आहे. तिच्या वेळेतील आणखी मिनिटे मी घेत नाही. जयभीम.